रविवारचा आकडा

घरात दिवसाला एकच पाहुणा, असा करोनाच्या त्या हिवाळ्यात सरकारचा नियम होता, आणि शांताबाईंच्या दोन्ही मुलांना नेमकं एकाच शनिवारी यायचं होतं. तोडगा विवेकनंच काढला. समतानं पाहुणी म्हणून घरात बसायचं. तो मात्र पाहुणा नाहीच, तो बॉयलरच्या कामाला आलेला माणूस, म्हणून बॉयलरवाल्या बेरेन्डबरोबर बाहेर शेडमध्ये थांबणार. मग बोलायचं कसं? तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बाहेर उणे नऊ, आत बॉयलर बंद, आणि अशा घराची खिडकी उघडून कुटुंबाची सभा भरवायची! हे फक्त आपल्या नवऱ्याच्या, दादारावांच्या मुलालाच सुचू शकतं, असं शांताबाईंना वाटलं आणि पाच दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

हसू फार टिकलं नाही. सोमवारपासून घर गार पडलं होतं. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या बाहेर, शेतांच्या मधोमध असलेल्या या घरापर्यंत गॅसची लाइन कधी आलीच नाही. ती अलीकडच्या गोठ्यापाशी थांबली ती थांबलीच. त्र्याऐंशी साली घर घेतलं तेव्हापासून इथं सगळं तेलावर चालत आलं होतं. अंगणापलीकडच्या शेडमध्ये तेलाची टाकी, तिच्या शेजारी बॉयलर, आणि तिथून गरम पाणी खाली-वर मिळून अकरा रेडिएटरांत फिरायचं. आता शांताबाई स्वयंपाकघरात विजेच्या हीटरपाशी गादी टाकून झोपत होत्या. अंगात दादारावांचा स्वेटर, त्यावर स्वतःचा. आणि हे सगळं त्यांनी बुधवारपर्यंत मुलांना कळवलंही नव्हतं.

न कळवायला कारण होतं. गुरुवारी बेरेन्डनं बॉयलर उघडला तेव्हा ते कारण त्यालाही कळलं. फिल्टरमधून त्यानं बोटभर काळा चिखल काढून कागदावर ठेवला होता.

"मेव्राउ शांता, टाकीत तेलच उरलं नाही. बर्नरनं तळचा गाळ ओढला आणि पंप जळला. एवढ्या जुन्या बॉयलरला आता पंप कुठे मिळणार? शेवटचं माप कधी घेतलं होतं?"

बेरेन्डनं लहानपणी बापाबरोबर येऊन याच शेडमध्ये बॉयलर बसताना पाहिला होता. या घरात दर रविवारी टाकीचं माप घेतात, हे त्याला पाठ होतं.

"माझ्या मुलाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"आपणहून सांगणार नाही," बेरेन्ड म्हणाला. "पण त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही."

या प्रांतातली माणसं अशीच, शब्दाला पक्की आणि त्यामुळेच कधीकधी अडचणीची. दादाराव गेल्यापासून विवेक एकच म्हणत होता, आई, आता आइंडहोवनला माझ्याकडे चल. त्या टाळत आल्या होत्या. बॉयलर म्हातारा होऊन मेला तर तो बॉयलरचा दोष होता. पण आईनं दहा महिने टाकीत डोकावलंच नाही, हे विवेकला कळलं तर मग बोलायला जागाच उरणार नव्हती. घर सुटलंच म्हणून समजा.

*

शेडमध्ये विवेक बंद बॉयलरसमोर उभा होता. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत तो माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाचा हिशेब करायचा; पण या हिरव्या लोखंडी धुडापुढे आलं की तो एकवीस वर्षांचा व्हायचा. नव्वद साली हा बॉयलर आला तेव्हा तो इथंच उभा होता. बेरेन्डच्या बापानं भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या आणि सांगितलं, पंचवीस किलोवॉट पुष्कळ होतील. बाबांनी मान हलवली होती. "चाळीसचा द्या."

"चाळीस? एवढं मोठं घर नाही तुमचं."

"तुम्ही भिंती मोजल्या," बाबा त्यांच्या नागपुरी वळणाच्या डचमध्ये म्हणाले होते, "माणसं कुठे मोजली?"

माणसं खरंच मोजण्यासारखी होती. तांत्रिक विद्यापीठात आलेला प्रत्येक मराठी विद्यार्थी पहिले पंधरा दिवस याच घरात राहायचा. कुणाला खोली मिळालेली नसायची, कुणाला थंडी सोसायची नाही, कुणाला आईच्या हातच्या पाटवड्यांवाचून करमायचं नाही. चौदा एप्रिलला तर साठ-सत्तर माणसं. वरच्या चार खोल्यांत गाद्याच गाद्या, आणि बाबा मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक रेडिएटरवर हात ठेवून फिरायचे. एवढा मोठा बॉयलर या घराला कधीच मानवला नाही. तो दर पाच मिनिटांनी पेटायचा आणि विझायचा. बेरेन्डचा बाप म्हणायचा, असं करून स्वतःचं आयुष्य कमी करतोय हा. पण पेटताना तो जे 'धप्प' करायचा, त्या आवाजावर विवेक वर्षानुवर्षं झोपला होता. आइंडहोवनच्या घरात जमिनीखालून ऊब येते, तिला आवाजच नाही.

"तर असं आहे," बेरेन्ड म्हणाला. "विजेवरचा हीट पंप तू म्हणालास, पण या भिंतींना तो पुरणार नाही, आधी सगळ्या घराला ऊब अडवणारं अस्तर लावावं लागेल. तेलावरच राहायचं तर दोन रस्ते. माझ्या गोदामात एक वापरलेला बॉयलर आहे. अगदी याच जातीचा, एका शेतकऱ्याकडून काढलेला. सोमवारी बसवून देतो. दोन हिवाळे निघतील, नशीब असेल तर तीन. नाहीतर नवा घे, धुरातली ऊबसुद्धा परत वापरणारा. तेल कमी खातो. पण धुराड्यात नवी नळी घालावी लागेल, दहा दिवस लागतील आणि महाग पडेल. तो मात्र वीस वर्षं बघायला नको."

"वापरलेला," विवेक लगेच म्हणाला.

बेरेन्डनं त्याच्याकडे पाहिलं. "दोनच हिवाळे?"

"दोन पुरेत."

दोन हिवाळ्यांत आईला पटवायचं, घर विकायचं, तिला आपल्याकडे खालच्या मजल्यावरची खोली द्यायची, असं त्यानं गाडीतच ठरवलं होतं. बॉयलर निवडण्याच्या निमित्तानं आपण आईची वर्षं मोजतोय, हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. पण गेल्या एप्रिलमध्ये बाबा हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर होते आणि तो खाली पार्किंगमध्ये उभा होता. आत सोडत नव्हते. नऊ दिवस तो रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवून त्याच एका जागेत उभा राहिला. त्यानंतर आई एकटी राहते ही गोष्ट त्याला सहनच होत नव्हती.

*

समता रायस्वाइकहून पहाटे निघाली होती. येताना तिनं आईसाठी जाड मोजे, सूप आणि स्वतःसाठी मनाशी एक निर्णय आणला होता. घर विकू द्यायचं नाही.

आई चहा करत होती. समता कोट न काढताच वर जाऊन आली. तिची खोली होती तशीच होती. उतरत्या छताखालचा पलंग, खिडकीतून दिसणारी बर्चची झाडं, भिंतीवर बाबांनी लावलेलं पुस्तकांचं कपाट. तोंडातून वाफ निघत होती तरी तिला त्या खोलीत ऊब वाटली. रायस्वाइकच्या फ्लॅटमध्ये नवरा एका टेबलावर मीटिंगमध्ये, ती दुसऱ्या टेबलावर मीटिंगमध्ये, मुलगा तिसऱ्या कोपऱ्यात ऑनलाइन शाळेत. कुठेतरी एक खोली आपली म्हणून आहे, याच आधारावर तिनं हे वर्ष काढलं होतं.

खाली येऊन ती खिडकीपाशी उभी राहिली आणि तिला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. दोन हजार वीसचंच होतं. बेकरीवाल्याचं, पक्ष्यांच्या चित्रांचं. मार्च महिना उघडा.

या कॅलेंडरवर रविवारचे आकडे असायचे. रविवारी दहाला कॉफी झाली की बाबा शेडमध्ये जायचे, टाकीत लाकडी फळी सोडायचे आणि तेलाची उंची ओरडून सांगायचे. फळी इथल्या बंद पडलेल्या कापड गिरणीतल्या मागाची होती, तिच्यावर त्यांनी तापल्या खिळ्यानं सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. "त्र्याऐंशी!" की आई या खिडकीतून म्हणायची, "त्र्याऐंशी!" आणि कॅलेंडरवर लिहायची. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात बाबांनी एकदा फळी उलटी धरली होती, भलताच आकडा वाचला होता आणि ऐन बर्फात तेल संपलं होतं. तेव्हापासून त्यांनी कामावरच्या प्रयोगशाळेतला नियम घरात आणला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं म्हणायचं. दुसऱ्यानं म्हटल्याशिवाय आकडा खरा नाही. आई बाजारात गेली असेल तर खिडकीत विवेकदादा नाहीतर समता उभी राहायची, आणि बाबा त्यांनाही तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे.

एकोणतीस मार्च: एकशे सहा. तिनं पान उलटलं. एप्रिलमध्ये एकोणीस तारखेला आईच्या अक्षरात एकशे दोन, आणि त्यावर एक आडवी रेघ; त्यानंतर पान पुन्हा मार्चवर उलटलेलं. मे कोरा. जून कोरा. ती पानं उलटत डिसेंबरपर्यंत गेली.

समताला सगळं समजलं. तिनं मागे वळून पाहिलं. आई चहा गाळायची थांबली होती.

"दादाला माहिती आहे?" समतानं विचारलं.

"नाही."

"बेरेन्डला?"

"त्याला आहे."

समतानं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "मी बोलते दादाशी. तू काही बोलू नकोस," ती म्हणाली, आणि तिनं खिडकी उघडली. कडी करकरली, थंडीचा लोट आत आला आणि पलीकडून विवेक अंगण तुडवत खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याच्या मागे बेरेन्ड. दोघांचेही बूट बर्फानं माखलेले.

"जय भीम, आई," विवेक म्हणाला. मास्क, वर मफलर, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते.

"जय भीम. अरे, चहा तरी घेशील का तिथून?"

"दे ना." शांताबाईंनी चौकटीवर दोन कप ठेवले आणि मागे सरकल्या. मग विवेकनं पुढे होऊन ते उचलले. गेलं वर्षभर आई-मुलाचं प्रेम असंच चौकटीवर ठेवलं आणि उचललं जात होतं.

"तर ऐक," विवेक म्हणाला. "बेरेन्डकडे एक यूज्ड बॉयलर आहे. मंडेला फिट होईल. दोन विंटर आरामात."

"आणि मग?" समतानं विचारलं.

"मग बघू."

"मग बघू म्हणजे घर विकू, असंच ना? सरळ बोल ना, दादा. मोठा, नवा घ्यायचा. पूर्ण घराचा, वीस वर्षांचा. खर्चाचं मी बघते."

"खर्चाचा प्रश्नच नाहीये! आई शहात्तर वर्षांची आहे. सोमवारपासून ती किचनमध्ये जमिनीवर झोपतेय."

"कारण बॉयलर जुना होता. नवा आला की झोपणार नाही."

"वरच्या चार खोल्या कुणासाठी गरम करायच्या, समता? कोण येतं?"

"मी येते."

"कधी?" विवेकचा आवाज चढला. "त्या खोलीत शेवटची कधी झोपलीस? मी सांगतो. दोन हजार सतरा. मी दर शनिवारी इथं अंगणात उभा असतो, भाजीच्या पिशव्या घेऊन."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे समताला त्याचा भयंकर राग आला. बेरेन्ड मराठी कळत नसूनही बर्फाकडे पाहत उभा राहिला. भांडण कुठल्याही भाषेत कळतंच.

मग विवेकनं वळून त्याला डचमध्ये विचारलं, "पण हा नेमका बंद कशानं पडला?"

बेरेन्डनं टोपी काढली, हातात फिरवली आणि खिडकीकडे पाहिलं.

"तीस वर्षांचा होता, दादा!" समता घाईघाईनं म्हणाली. "आणखी काय कारण पाहिजे?"

"समता, राहू दे," शांताबाई म्हणाल्या. त्या खिडकीपाशी आल्या आणि त्यांनी दोन्ही हात चौकटीवर ठेवले. "तेल संपलं होतं."

"संपलं?" विवेकला अर्थच लागेना. "दर शनिवारी मी विचारायचो, तेल आहे ना. तू म्हणायचीस, आहे बाप्पा."

"म्हणायची."

"मग?"

"मग काय? खोटं बोलत होती."

शांताबाईंना वाटलं होतं की हे तोंडातून निघताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. उलट मोकळं वाटलं.

"तुझे बाबा गेले, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी गेली होती शेडमध्ये," त्या म्हणाल्या. "फळी सोडली. एकशे दोन. जोरात म्हटलं. अन् उभी राहिली. किती वेळ उभी राहिली असेन, विवेक! इकडून कोणी म्हणालंच नाही. म्हणणार कोण? घरात येऊन आकडा लिहिला, पण तो खराच वाटेना, म्हणून खोडला. मग पुन्हा काही गेली नाही. दर रविवारी दहा वाजले की मी नळ सोडून भांडी घासत बसायची."

विवेकच्या हातातला कप कलला आणि चहा बर्फावर सांडला. त्याला आईची कीव आली नाही आधी. आधी भीतीच वाटली, मोठी, जुनी भीती.

"दहा महिने?" तो म्हणाला. "आई, पाइप फुटले असते. तुला काही झालं असतं तर आम्हाला कळलंसुद्धा नसतं! बाबांच्या वेळी मी पार्किंगमध्ये उभा होतो. तुझ्या वेळी मला पार्किंगमध्ये उभं नाही राहायचं, आई. मला नाही जमणार ते." मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले होते आणि थंडीत ते त्याला पुसताही येत नव्हते.

शांताबाईंनी समताकडे पाहिलं. आतापर्यंत ती आपल्या बाजूनं होती. पण समताचा चेहरा पांढरा पडला होता. एक घरदार गमावण्याची गोष्ट निराळी आणि सकाळी फोन न उचलणारी आई निराळी, हे तिला आत्ता या क्षणी कळलं होतं.

"दादा बरोबर म्हणतोय," ती हळूच म्हणाली. "आई, तू जा त्याच्याकडे. नाहीतर माझ्याकडे ये. वापरलेलाच घेऊ. दोन हिवाळे."

झालं! दोघंही एक झाले. दहा मिनिटांपूर्वी घरावरून भांडणारी भावंडं आता एका सुरात आईला समजावू लागली, आणि शांताबाई खिडकीच्या या बाजूला एकट्या पडल्या. त्यांना क्षणभर वाटलं, द्यावं सोडून. जावं आइंडहोवनला. जमिनीखालची ऊब घ्यावी. नातवंडांशी इंग्रजीत बोलावं.

मग त्यांनी मुलांवरून नजर काढली आणि बेरेन्डला विचारलं. त्यांचं डच दादारावांपेक्षा कच्चं होतं, पण बाजारात आणि दवाखान्यात कमावलेलं, नीट चालणारं होतं.

"बेरेन्ड, नवा पण लहान असतो का?"

"असतो, मेव्राउ. अठराचा आहे."

"तो काय काय गरम करेल?"

"खालचा मजला. हे स्वयंपाकघर, बैठक, तुमची झोपायची खोली, न्हाणीघर. वरचे पाइप मग रिकामे करून बंद करावे लागतील."

"किती वर्षं?"

"पंधरा. नीट ठेवला तर वीस."

"पंधरा!" शांताबाई मराठीत मुलांना म्हणाल्या. "म्हणजे एक्क्याण्णव होईल माझं. बॉयलरच्या आधी मेली तर त्याला वाईट वाटेल, नाही का?"

कुणी हसलं नाही.

"आई," समता म्हणाली. "वरचं बंद? पूर्ण? माझी खोली?"

"तुझी खोली गार पडेल, समता."

"पण बाबा... ते कपाट... वरतीच तर सगळं आहे बाबांचं!" समताला रडू आवरेना. मोठ्या बॉयलरची गोष्ट करताना ती बाबांची बाजू घेतेय असं तिला वाटलं होतं. आता आईच ते दार बंद करायला निघाली होती.

शांताबाईंनी तिचा हात धरला. नियमात पाहुणीचा हात धरणं बसत नव्हतं.

"तुझ्या बाबांनी एवढा मोठा आणला, कारण तेव्हा माणसं होती. तेव्हा ते बरोबरच होतं. आता मी एक आहे. साठ माणसांच्या मापाचं घर मी एकटी अंगावर घालून बसली होती, बेटा, म्हणून थंडी वाजत होती. मला माझ्या मापाचा द्या. मी राहते इथं. अन् तू ये. वर नको, खाली माझ्याजवळ झोप. पण ये."

समतानं हात सोडवून घेतला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

विवेक बराच वेळ बर्फात बुटाच्या टाचेनं खड्डा करत होता. आई चुकली होती, खोटं बोलली होती, आणि तरीही आत्ता या तिघांत तिनंच नीट हिशेब केला होता. त्याला हे इंजिनिअर म्हणून आधी कळलं आणि मुलगा म्हणून थोडं नंतर.

"बेरेन्ड," त्यानं विचारलं, "न्हाणीघराचा रेडिएटर बदलून मोठा टाकला तर चालेल का? तिला सकाळी तिथं थंडी वाजते."

"चालेल," बेरेन्ड म्हणाला.

"आणि तो येईपर्यंतचे दहा दिवस?"

"माझ्याकडे चाकांवरचा बॉयलर आहे, शाळेचं बांधकाम चालतं तेव्हा लावतो तसा. त्याच्या पोटातच तेलाचा डबा आहे. आज संध्याकाळपर्यंत आणून जोडतो."

शांताबाईंनी डोळे मिटले. झालं होतं.

"पण एक अट आहे," विवेक मराठीत म्हणाला. "दर रविवारी दहा वाजता मी फोन करणार. तू फोन खिशात ठेवून शेडमध्ये जायचं. एकदा जरी आकडा चुकला, आई, तर मी गाडी काढून येणार आणि तुला घेऊन जाणार. मग रडारड चालणार नाही."

"चालेल. अन् तू आकडा परत म्हणायचा. नुसतं 'ओके' नाही चालणार."

"म्हणेन."

"मग आजच घेते. उद्याचा रविवार कशाला?"

*

शेडमध्ये फळी दाराच्या मागेच होती, दादारावांनी तिथं खिळा ठोकला होता त्या खिळ्यावर. तिच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. शांताबाईंनी ते स्वेटरच्या बाहीनं काढलं. खुणा बोटांना लागत होत्या. दादारावांनी प्रत्येक दहावी खूण लांब केली होती आणि पन्नासच्या खुणेपाशी, का कोण जाणे, एक छोटं फूल कोरलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

विवेक आणि बेरेन्ड दाराशी उभे होते. विवेक पुढे झाला तशी त्यांनी मान हलवली. "तू थांब. मीच घेते."

टाकीचं झाकण घट्ट बसलं होतं. ते निघालं तेव्हा तेलाचा वास आला, रविवारचा वास, कॉफी आणि खोबरेल तेल यांच्यात मिसळून घरात येणारा. शांताबाईंनी फळी सोडली. ती खोल, खोल गेली आणि तळाला टेकली. मग त्यांनी ती वर ओढली आणि उजेडात धरली. आधी पाहिलं, सरळ धरलीय ना. सरळ होती.

"नऊ!" त्या म्हणाल्या.

आवाज अंगणभर गेला. समोर स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. समतानं ती मघाशी लावून घेतली होती. काचेवर वाफ होती, आतलं काही दिसत नव्हतं. विवेकनं तोंड उघडलं, तोच शांताबाईंनी त्याला हातानं थांबवलं. तो इथं फळीपाशी उभा होता. आकडा पलीकडून यायला हवा होता, असाच नियम होता. त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. गेल्या एप्रिलमध्येही त्या अशाच उभ्या होत्या, आणि पाय तसेच गार पडायला लागले.

त्यांनी पुन्हा हाक दिली. "नऊ!"

मग कडी करकरली. खिडकी उघडली. समता दिसली, डोळे लाल, केस विस्कटलेले, एका हातात ड्रॉवरमधून काढलेलं कॅलेंडर आणि दुसऱ्या हातात पेन.

"नऊ!" ती ओरडली. आवाज फाटला होता. तिनं कॅलेंडर भिंतीवर दाबून धरलं आणि लिहायला लागली.

शांताबाईंनी फळी फडक्यानं वरपासून खालपर्यंत पुसली, दादाराव पुसायचे तशी, आणि खिळ्याला अडकवली. नऊ फारच कमी होते, तोही नुसता तळचा गाळ. पण आकडा खरा होता.